फळ्याच्या रंगाचा निम्मा डबा

माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, लोणच्याच्या बरण्यांमागे, फळ्याच्या काळ्या रंगाचा एक डबा आहे. निम्मा भरलेला. मी चित्रकलेची शिक्षिका, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. घरात फळा नाही, नात मोबाईलवर बाराखडी शिकते. सून दर दिवाळीला झाडलोट करते आणि विचारते, "आई, हा डबा टाकून देऊ का?" मी खेकसते, "राहू दे म्हटलं ना." म्हातारीचं खूळ म्हणून ती सोडून देते. तो डबा मी एका शुक्रवारी आणला, शनिवारी साळवे सरांकडे न्यायचा म्हणून, आणि त्याच शुक्रवारी संध्याकाळी साळवे सर गेले. डबा पुढे उघडला, वापरला, निम्मा उरला. असाच एक निम्मा डबा पूर्वीही माझ्या कपाटात होता, आणि त्याच्याबद्दल मी खोटं बोलले होते. ते सांगितल्याशिवाय सरांबद्दल काही लिहिण्याचा मला हक्क नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. सगळं क्रमाने येईलच.

शमुवेल साळवे आमच्या श्रीरामपूरच्या शाळेत मुलींना तलवारबाजी शिकवायला यायचे. दिवसभर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करायची, आणि साडेचारला सायकल शाळेच्या भिंतीला लावायची. ते ही विद्या कुठे शिकले, मी कधी विचारलं नाही. तलवारबाजी म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे फेटा, घोडा, पिळदार मिशा असलं काहीतरी आलं होतं. आले ते बुटके, रुंद खांद्याचे, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातले गृहस्थ. घोड्यावर चढायचं तर आधी स्टूल मागतील असे. रविवारी चर्चमध्ये म्हटलेलं गाणं ते सोमवार ते शनिवार शीळ घालून संपवायचे.

पहिल्याच आठवड्यात मी माझ्या वर्गात सातवीला फुलदाणी काढायला लावली होती. एवढ्यात मैदानावरून गर्जना ऐकू आली, "तोंड काळं करा!"

मी खिडकीकडे धावले. ज्याला घरातून हाकलून द्यायचं, ज्याचं नावसुद्धा नको असतं, त्याला आपण जे म्हणतो ते हा माणूस भर शाळेत मुलींना म्हणत होता. आणि मुली फिदीफिदी हसत डोक्यावर मास्क ओढत होत्या. मास्क म्हणजे तोंडभर तारेची काळी जाळी, खाली गळ्याला जाड कापडाचा पदर. बारा मुली होत्या, बाराही तोंडं काळी झाली.

मी तरातरा खाली गेले. "अहो सर, शाळा आहे ही! मुलींना असं बोलतात?"

"मग काय म्हनू, बाई? इंग्रजीत म्हनलं तर निम्म्या पोरींना कळत न्हाई. मास्क काळा हाय, तोंडावर घालायचाय. तोंड काळं झालं का न्हाई, तुमीच सांगा."

काय सांगणार, कपाळ! पंधरा दिवसांत सगळी शाळा तेच म्हणायला लागली. घंटा झाली की पोरी एकमेकींना ओरडत, "चला गं, तोंड काळं करू!" आमच्या मुख्याध्यापकांना ते ऐकून ठसका लागायचा.

मास्क ठेवायला शाळेत जागा नव्हती, म्हणून माझ्या चित्रकलेच्या वर्गात मागच्या भिंतीला बारा खिळे ठोकले आणि ते तिथे टांगले. पहिले काही दिवस मला नको नको झालं. आपण फळ्याकडून वळावं आणि मागून बारा तोंडं आपल्याकडे बघत असावीत. डोळे नाहीत, नाक नाही, पण बघतात. पुढे सवय झाली. आता शाळा सुटून इतकी वर्षं झाली, तर ती सवय मोडली आहे आणि भीती परत आली आहे.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी फळे रंगवून घ्यायचं काम माझ्याकडे असे. एका जूनमध्ये सर हातात एक मास्क घेऊन माझ्या दारात उभे राहिले. जाळीचा रंग उडाला होता, मधली तार चकाकत होती.

"बाई, थोडा फळ्याचा रंग द्याल का?"

"बाजारात काळा ऑइलपेंट मिळतो की, सर. चांगला तुकतुकीत."

"तुकतुकीत हाय म्हनूनच नको. आपल्या घराच्या खिडकीला पांढरी जाळी लावली की भर दुपारी बाहेरचा मानूस दिसत न्हाई, जाळीच दिसती. तीच काळी लावा. जाळी दिसत न्हाई, मानूस दिसतो. ह्या जाळीतून पोरीला समोरचीचा हात दिसला पायजे. जाळी दिसून काय उपेग?"

आता बघा, पांढरा रंग उजेड परत फेकतो आणि काळा पिऊन टाकतो, हे मी दरवर्षी आठवीच्या मुलांना शिकवत होते. परीक्षेत दोन मार्कांना विचारतही होते. तेच मालधक्क्यावरच्या कारकुनाकडून ऐकताना मला थोडा रागच आला. पण रंग दिला. तो पातळ करून, जाळीला आतून-बाहेरून लावून, सायकलच्या पंपाने त्यांनी एकेक भोक मोकळं केलं. मग मास्क आभाळाकडे धरून एक डोळा मिटून बघितलं.

"घालून बघा, बाई."

"छे! माझा अंबाडा विस्कटेल."

दर जूनला ते रंग न्यायला यायचे. "घालून बघा, बाई," म्हणायचे. दर जूनला माझा अंबाडा आडवा यायचा.

"दिसतंय का?" हा त्यांचा दुसरा पाठ. शिकवायला सुरुवात करताना विचारायचे, "दिसतंय का?" स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या खांद्याशी थांबून विचारायचे, "दिसतंय का?" आणि न विचारताच खिडकी उघडायचे. मुलींना शिकवताना स्वतः नेहमी उन्हाकडे तोंड करून उभे राहायचे. ऊन आपल्या डोळ्यात घ्यायचं, पोरींच्या पाठीला द्यायचं. मग डोळे किलकिले करून, कपाळाला आठ्या घालून बोलायचे, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटे की मास्तर फार रागीट आहेत. आयुष्यभर त्या माणसाने ऊन आपल्या अंगावर घेतलं. एकदाच घेतलं नाही, त्याबद्दल शेवटी.

आणि टोक. उघड्या तोंडासमोर टोक आलेलं त्यांना खपत नसे, मग ते तलवारीचं असो की पेन्सिलीचं. आमचे गणिताचे सर चहा पिताना हातातला कंपास नाचवत बोलत होते. सरांनी बशीतला चमचा उचलला आणि हळूच कंपासाचं टोक बाजूला सारलं. एकदा, दोनदा, तीनदा. बोलणं चालू, चहा चालू, चमचा चालू. शेवटी गणिताच्या सरांनी कंपास खिशात ठेवला आणि आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. "डोळा एकच न्हाई मिळत बाई, दोन मिळत्यात," एवढंच म्हणाले. "पन तिसरा न्हाई."

जिल्ह्याच्या स्पर्धेला कोपरगावला गेलो तेव्हा मुलींसोबत बाईमाणूस हवं म्हणून मला पाठवलं होतं. बारा मास्क एका सुतळीत ओवून सरांनी एस.टी.त वरच्या फळीला बांधले. ते गचक्यागणिक डुलायचे. शेजारच्या सीटवरची एक मावशी बराच वेळ बघत होती.

"का वो, मध काढायला निघाले का?"

"व्हय मावशी," सर गंभीरपणे म्हणाले.

"एवढ्या पोरी घिऊन?"

"पोळं लई मोठं हाय."

मावशीने पिशवीतून दोन पेरू काढून दिले आणि जपून काढा म्हणाली. त्या दिवशी ऋतुजा नवले जिल्ह्यात पहिली आली. ते दोन्ही पेरू सरांनी तिला दिले.

ऋतुजा डावखुरी. तिचे वडील एस.टी.चे ड्रायव्हर. आपली पोरगी डाव्या हाताने जेवते म्हणून लहानपणी त्यांनी तिच्या हातावर फटके मारले होते. सरांनी तो डावा हात बघितला आणि त्यांना हर्ष झाला. "ह्यो हात समोरचीला कळतच न्हाई, बाई. देवानं दिलेला हाय." दहावीतली पोर, काटक, तोंडात सदा एकच गोष्ट, पोलीस व्हायचं. राज्यात नंबर लागला तर पुढे भरतीत खेळाडूंच्या जागेतून वाट होती. राज्याची निवड चाचणी तीन आठवड्यांवर होती आणि ती तिथे नक्की निवडली जाणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. त्याच सुमाराला आमचं स्नेहसंमेलन आलं.

संमेलनाच्या पाच दिवस आधी नवले ड्रायव्हर ड्यूटीवरून खाकी कपड्यातच पोरीला न्यायला आले आणि नेमकी त्याच वेळी सरांनी आरोळी ठोकली, "ऋतुजा, तोंड काळं कर!"

मग काय, मैदान डोक्यावर घेतलं त्यांनी. "माझ्या पोरीचं तोंड काळं करायला पाठवतो का मी हितं? आं? काय बोलता, मास्तर?" सरांनी समजावलं, मास्क दाखवला, ऋतुजा मध्ये पडली, "अहो पप्पा, मास्कला म्हणतात ते." शेवटी ड्रायव्हर निवळले. पण जाता जाता म्हणाले, "ते काय का असंना, पाव्हणेरावळे येतील, पोरी अशा काळ्या तोंडानं स्टेजवर हुभ्या केल्या तर लोक काय म्हनतील? वाईट दिसतं ते."

हे मुख्याध्यापकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "डहाळे बाई, तुम्ही कलाकार. ते मास्क जरा शोभेसे करा ना. पांढऱ्या ड्रेसवर पांढरे. बाहेरून पाहुणे येतायत."

सर त्या वेळी चार दिवस गावात नव्हते. सोनईला बहिणीच्या घरी कुणी वारलं होतं, तिकडे होते. ते येईपर्यंत थांबा, असं मला म्हणता आलं असतं. सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मला काम आवडलं. फुलदाण्या आणि फळे रंगवून माझा जन्म चालला होता. कुणीतरी मला कलाकार म्हणालं होतं. तीन दिवस मी मान मोडून काम केलं. पांढरा ऑइलपेंट, चांगला तुकतुकीत. बारीक ब्रशने एकेक तार रंगवली, आतून आणि बाहेरून, एक भोक बुजू दिलं नाही. कडेने केशरी वेलबुट्टी काढली. बारा मास्क खिळ्यांवर टांगले तेव्हा भिंत अशी उजळली की मी स्वतःवर खूश झाले. आठवीला दोन मार्कांना विचारायचा प्रश्न भिंतीवर टांगलेला होता, आणि मला तो दिसत नव्हता.

संमेलनाच्या दिवशी दुपारी सर परत आले. वर्गात आले, भिंतीकडे बघत उभे राहिले. मी वाट बघत होते की म्हणतील, वा बाई.

"आतूनबी दिलाय?"

"मग! दोन्हीकडून. बघा ना किती बारीक काम आहे."

त्यांनी ऋतुजाचा मास्क काढला, डोक्यात घातला, खिडकीतल्या उन्हाकडे तोंड केलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग तो काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, फळ्याचा रंग हाय का? आतल्या बाजूनं तरी पटकन मारतो. दोन पोरींचेच मास्क. दोनच."

माझ्या पाठीमागच्या कपाटात, खालच्या फळीवर, निम्मा डबा होता.

"संपलाय, सर," मी म्हणाले.

का म्हणाले? तीन दिवसांचं माझं काम ते ओल्या काळ्या रंगाने बरबटवणार होते. आतून म्हटलं तरी रंग भोकांतून पुढे येणार, वेलबुट्टीवर ओघळणार. एवढंच कारण. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं.

ते म्हणाले, "मग आज प्रात्यक्षिक नको." मुख्याध्यापक हात जोडायला लागले, पत्रिकेत छापलंय, पाहुणे येऊन बसलेत. आणि मी, मला कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाले, "पाच मिनिटांचा तर खेळ, सर. उगाच बाऊ करू नका."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग मुलींना जवळ घेऊन म्हणाले, "हळू खेळायचं. ठरल्याएवढंच. पाय मागं पुढं, बास."

आमचं स्टेज पश्चिमेकडे तोंड करून आहे. साडेपाचला ऊन थेट स्टेजवर येतं. ऋतुजा आणि दुसरी एक मुलगी समोरासमोर उभ्या राहिल्या, पांढरे ड्रेस, पांढरे मास्क, केशरी वेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फार सुंदर दिसत होतं, हे मी आजही नाकारणार नाही. टाळ्या वाढल्या तशी पोर चढली. सोळा वर्षांची पोर, समोर वडील बसलेले, टाळ्या पडतायत, ती हळू कशी खेळेल? झपकन पुढे झेपावली. समोरची बाजूला झाली. ऋतुजा तशीच पुढे गेली, स्टेज संपलं, आणि ती खाली गेली.

गुडघा मोडला. मी धावले तेव्हा सरांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती रडत नव्हती. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "सर, मला नुसतं पांढरं दिसत होतं. सर, नुसतं पांढरं."

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निवड चाचणी गेली, पुढची भरती गेली, चाल बदलली ती बदललीच.

आठ दिवसांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. नवले ड्रायव्हर त्या दिवशी ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मास्क पांढरे कुणी केले?"

मुख्याध्यापकांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. माझा हात पदराखाली होता, नखांत अजून पांढरा रंग होता. तो ऑइलपेंट आठ-आठ दिवस निघत नाही. मी तोंड उघडलं असेल नसेल, तोवर सर उभे राहिले.

"मास्क माझ्या ताब्यात असत्यात. मी घालून बघितला हुता. मला ठाऊक हुतं दिसत न्हाई, तरी पोरीला चढू दिलं. चूक माझी हाय."

सगळ्यांना ते सोयीचं होतं. मलाही होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ते मास्क न्यायला आले तेव्हा मी वर्ग चालू असल्याचं सोंग करून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे एकेक मास्क खिळ्यावरून निघाल्याचा आवाज येत होता. मी बारा मोजले. मग ते गेले, आणि बारा खिळे राहिले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या खिळ्यांना काही टांगायचं धाडस मला झालं नाही. मुलं विचारायची, बाई, हे खिळे कशाचे? मी म्हणायची, चित्र काढा.

ते आपल्या चर्चच्या मैदानात मुलींना शिकवत राहिले, हे मला कळत होतं. संध्याकाळी त्या रस्त्याने जायचं मी टाळायची. एकदा चुकून गेले, तर भिंतीपलीकडून तीच गर्जना आली, "तोंड काळं करा!" भर रस्त्यात मला वाटलं, हे मलाच आहे. मी पदर डोक्यावरून घेतला आणि भराभर चालत सुटले. त्या रात्रीपासून, हसू नका, मला ती जाळी दिसायला लागली. सकाळी खिडकीचा पडदा सारला की समोर उजेड यायचा आणि उजेडात तारांचे बारीक चौकोन. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत.

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी फोन आला. "बाई, मी ऋतुजा नवले." ती नर्स झाली होती, गावातच एका दवाखान्यात होती. "सर फार आजारी आहेत. तुमची आठवण काढतात. एकदा येऊन जा."

गेले. सरांचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत. अंगणात खुर्ची टाकून बसवलं होतं. रुंद खांदे कुठे गेले होते कोण जाणे, सदऱ्यात हाडंच होती. पायात मात्र तेच कॅनव्हासचे बूट. ऋतुजा ड्यूटीवरून त्यांना सुई द्यायला आली होती. एक पाय किंचित ओढत ती चहा घेऊन आली. मी तिच्या पायाकडे बघू नये म्हणून कपात बघत राहिले.

ती आत गेल्यावर "सर," मी सुरुवात केली, "त्या दिवशी तो रंग..."

"डबा खालच्या फळीवर हुता," सर म्हणाले. "मला दिसत हुता, बाई. तुमच्या पाठीमागं, कपाट अर्धं उघडं हुतं."

"मग घेतला का नाहीत? भांडला का नाहीत माझ्याशी?"

"तुमी न्हाई म्हनल्यावर कसा घ्यावा? बाईमानसाच्या कपाटात हात कसा घालावा?" ते दम घेत थांबले. "तिथंच चुकलं माझं. भिडेपायी. भांडून घ्यायला पायजे हुता. इतकी वर्सं त्यो डबाच दिसतो मला."

म्हणजे इतकी वर्षं या गावात आम्ही दोघं एकाच डब्याकडे बघत होतो. मला वाटत होतं त्यांनी मला वाचवलं. त्यांनी मला वाचवलं नव्हतंच. त्यांना खरोखर स्वतःचीच चूक वाटत होती. मी माझी चूक त्यांच्याकडे ठेवून सात वर्षं घरी निवांत जेवत होते.

"ऋतुजा," त्यांनी आत हाक मारली, "आन गं तो."

तिने आतून मास्क आणला. तिचाच. बाकीचे सगळे त्यांनी काळे केले होते, हा एक तसाच ठेवला होता. माझा पांढरा रंग थोडा पिवळा पडला होता, केशरी वेल शाबूत होती. खरंच फार सुरेख काढली होती मी.

"घाला, बाई."

आता अंबाडा उरलेला नव्हता, केस केव्हाच कातरले होते. काही आडवं येणार नव्हतं. सरांनी ऋतुजाला खुणेने खुर्ची फिरवायला लावली. उन्हाकडे पाठ करून ते बसले, आणि मला समोर, उन्हाकडे तोंड करून उभं केलं. त्या माणसाने कुणाला असं उभं केलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी मास्क घातला. पाचच्या सुमाराचं ऊन जाळीवर पडलं आणि सगळं पेटलं. अंगण नाही, भिंत नाही, माणसं नाहीत. डोळ्यांपासून चार बोटांवर नुसतं पांढरं.

"दिसतोय का मी?" सरांचा आवाज आला.

"नाही, सर."

"ऋतुजा दिसती का?"

"नाही."

"बरं झालं. मग आता बोला तिच्याशी. तिला मी काय सांगितलेलं न्हाई. ते तुमचं काम हाय."

समोर ती कुठे उभी होती, मला ठाऊक नव्हतं. मी त्या पांढऱ्याला सांगितलं. "ऋतुजा, काळा रंग होता. सर मागत होते. डबा माझ्या कपाटात होता आणि मी संपला म्हणून सांगितलं. माझं काम खराब होईल म्हणून. तू पडलीस ती माझ्यामुळे. तुझ्या वडिलांनी विचारलं तेव्हाही मी गप्प बसले." माझा श्वास जाळीवर आपटून परत माझ्याच तोंडावर येत होता. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं, ते मला कधीच कळणार नाही. मी ते बघण्याची लायकी ठेवली नव्हती.

मग पावलं आली, एक नीट, एक ओढत. मागचा पट्टा सैल झाला, मास्क वर निघाला. ऋतुजाने तो हातात घेतला, सरांसारखाच आभाळाकडे धरला, एक डोळा मिटून बघितलं.

"शनिवारी रंग घेऊन या, बाई," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "आतून मी देते. बाहेरून तुम्ही द्या."

मी सरांकडे वळले. डोळ्यात अजून ऊन भरलेलं होतं. उन्हाला पाठ करून बसलेला तो माणूस मला दिसला तो नुसता काळा. खांदे दिसले, कान दिसले, डोक्याचा गोल दिसला. चेहरा कितीही शोधला तरी मिळेना. तोंड सगळं काळं.

त्या काळ्यातून त्यांनी विचारलं, "दिसलं का, बाई?"

"दिसलं, सर," मी म्हणाले.